हिरवी बाटली टाकीत ओतू का? वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांतली बरीचशी एकाच गोष्टीवर आहेत, रीफ टँकमध्ये, म्हणजे प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, जिवंत फायटोप्लँक्टन (पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शैवाल, थोडक्यात फायटो) घालणं आणि ते घरीच वाढवणं. म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकासाठी ठेवलेत आणि हा अख्खा कॉलम फायटोला देऊन टाकलाय. प्रश्न थोडे कापलेत, कारण काहींनी टाकीचा जन्मापासूनचा इतिहास लिहून पाठवला होता.

प्रश्न : ताई, माझी ३०० लिटरची टाकी आहे, त्यात जास्त करून अ‍ॅक्रोपोरा आणि माँटीपोरा, शिवाय दोन क्लाउनफिश आणि एक टँग. ओळखीतले सगळे म्हणतात फायटो सुरू कर, कोरलचे रंग फुटतील. मी रोज घालतोय पण काहीच फरक दिसत नाहीये. डोस कमी पडतोय का?

डोस कमी पडत नाहीये हो, खाणारे कमी पडतायत. तुम्ही जी नावं लिहिलीत त्यातलं एकही फायटो खाणारं नाही.

अ‍ॅक्रोपोरासारख्या कडक प्रवाळांचं बरंचसं पोट त्यांच्या अंगात राहणाऱ्या शैवालावर चालतं, म्हणजे झुझँथेलीवर, ते उजेडात साखर बनवतात आणि प्रवाळाला देतात. वरून जे पकडून खायचं ते पॉलिपच्या दंशपेशींनी, आणि त्या दंशपेशी हलत्या बारीक जिवांसाठी असतात, कोपेपॉड (बारीक कवचधारी जीव, टाकीवाले त्यांना पॉड्स म्हणतात), त्यांची पिल्लं, अळ्या असलं काही. दोन-तीन मायक्रॉनचा हिरवा ठिपका समोरून गेला तर अ‍ॅक्रोपोराला त्याचं फारसं सोयरसुतक नसतं.

मग फायटो खातं कोण? पाणी गाळून जगणारे सगळे. स्पंज, फेदर डस्टर (पंखा उघडणारे किडे), ट्युनिकेट, क्लॅम, खडकाच्या खाचेत फुकट आलेले छोटे शिंपले, आणि मुख्य म्हणजे पॉड्स आणि रोटिफर, म्हणजे पाण्यातले अगदी बारीक प्राणी. रात्री दिवे गेल्यावर दोन-तीन तासांनी टॉर्च घेऊन टाकीच्या काचेवर आणि खडकाच्या सावलीतल्या बाजूला बघा. तिथे पांढरे ठिपके पळताना दिसले, छोटे पंखे उघडलेले दिसले, तर फायटोला गिऱ्हाईक आहे. काहीच दिसलं नाही तर तुम्ही रोज स्किमरच्या, म्हणजे फेसातून घाण बाहेर काढणाऱ्या यंत्राच्या, कपात हिरवं पाणी भरताय एवढंच. आणि टॉर्च मारताना अजून एक बघून ठेवा, खडकावर कडक नळीतून कोळ्याच्या जाळ्यासारखे चिकट धागे सोडणाऱ्या व्हर्मेटिड गोगलगायी असतील तर त्यासुद्धा पाण्यातले कण धरूनच खातात, म्हणजे फायटोवर त्यांचीही चंगळ होणार. हे कोणी सांगत नाही.

तुमच्या अ‍ॅक्रोपोराला फायदा होईल तो आडवाटेने. फायटोवर पॉड्स वाढले, त्यांनी पिल्लं सोडली, ती पिल्लं प्रवाळाने खाल्ली, असा. त्याला महिने लागतात आणि त्यासाठी पॉड्स मुळात असायला पाहिजेत. रंगाचं म्हणाल तर आधी उजेड, अल्कलिनिटी (पाण्याची पीएच धरून ठेवायची ताकद) आणि नायट्रेट-फॉस्फेटचे आकडे बघा, तिथे गडबड असेल तर कुठलीही बाटली रंग आणत नाही.

प्रश्न : एका बाटलीत चार जातींचं मिश्रण विकत मिळतं. तेच स्टार्टर (विरजण) म्हणून वापरून घरी वाढवता येईल का? नाहीतर सुरुवात कुठल्या जातीने करू?

मिश्रण टाकीत घालायला उत्तम आहे, वाढवायला नाही. चार जाती एका बाटलीत ठेवल्या की त्या काही सारख्या वेगाने वाढत नाहीत, जी दणकट ती पुढे जाते आणि थोड्याच फेऱ्यांत तुमच्याकडे एकच जात उरते, ती बहुतेक नॅनोच (नॅनोक्लोरोप्सिस) असते. मिसळायचं तर डोस देताना मिसळा.

सुरुवात नॅनोक्लोरोप्सिसनेच करा. दोन ते चार मायक्रॉनची गोल पेशी, हिरवीगार वाढते, थोडं खारटपण इकडेतिकडे, थोडं गरम-गार, सगळं सोसते. तिच्यात ईपीए हे फॅटी अ‍ॅसिड भरपूर. पण दोन कमतरता आहेत, डीएचए हे दुसरं फॅटी अ‍ॅसिड जवळजवळ नसतं आणि पेशीचं कवच जाड असतं, म्हणून रोटिफर आनंदाने खातात पण बरेच कोपेपॉड नुसत्या नॅनोवर नीट वाढत नाहीत.

हात बसला की टेट्रासेल्मिस घ्या. ही साधारण दहा मायक्रॉनची, चार शेपट्यांनी पोहणारी, एअर पंप बंद केला की बाटलीच्या उजेडाकडच्या बाजूला गर्दी करते, बघायला मजा येते. पॉड्सना ही आवडते. तिसरी आयसोक्रायसिस, सोनेरी तपकिरी, डीएचएसाठी हिचं नाव, पण स्वच्छतेत जराही ढिलाई चालत नाही. ऱ्होडोमोनास लालसर असते, पॉड्स वाढवणारे तिच्यासाठी जीव टाकतात कारण खाद्य म्हणून ती फारच चांगली, पण उकाडा तिला मुळीच सोसत नाही, म्हणून पहिल्या वर्षी तिच्या नादी लागू नका. थॅलॅसिओसायरा, कीटोसेरॉस वगैरे डायटम आहेत, त्यांना कवचासाठी सिलिकेट घालावं लागतं. तेच उरलेलं सिलिकेट टाकीत गेलं की काचेवर तपकिरी थर येतो, तेव्हा ते कशासाठी करायचंय हे माहीत असेल तरच करा.

प्रश्न : कृपया घरी कल्चर (बाटलीतली फायटोची लागवड) लावायची पूर्ण पद्धत सांगा, काय काय लागतं, कुठे चुकू शकतं. झाडांचं खत चालतं असं ऐकलंय, ते खरं का?

सामान साधं आहे. पारदर्शक बाटल्या, दीड-दोन लिटरच्या, निदान दोन. छोटा एअर पंप, एअरलाइन ट्यूब, शक्य असेल तर बाटलीच्या आत जाणारा भाग कडक नळीचा. चेक व्हॉल्व्ह नक्की, नाहीतर लाइट गेल्यावर बाटलीतलं पाणी उलटं पंपात येतं. पांढऱ्या उजेडाची एलईडी ट्यूब, ६५०० केल्विनच्या आसपास. आरओ पाणी, समुद्री मीठ, फायटोचं खत आणि स्टार्टर.

एअरस्टोन लावू नका. बारीक बुडबुड्यांनी फेस होतो, पेशी फेसाबरोबर वर काचेला चिकटतात, आणि दगडाच्या छिद्रांत जे जंतू बसतात ते धुऊन निघत नाहीत. नळीच्या उघड्या टोकातून मोठे बुडबुडे, सेकंदाला दोन-चार, एवढंच पाहिजे. हवेचं काम दोन प्रकारचं आहे, पेशी तळाला बसू द्यायच्या नाहीत आणि पाण्यात कार्बन डायऑक्साइड पोचवायचा, तो संपला की पीएच चढतो आणि वाढ थांबते.

पाणी बनवा साधारण १.०२० घनतेचं, म्हणजे टाकीपेक्षा जरा कमी खारट. टाकीचं पाणी काढून वापरायचा मोह होतो, तो टाळा. त्यात रोटिफर, सिलिएट (एकपेशीय जीव), पॉड्सची अंडी सगळं असतं आणि हे सगळे तुमच्या फायटोचे खवय्ये. नवं पाणी निर्जंतुक करायला सगळ्यात सोपं म्हणजे बिनवासाचं साधं ब्लीच, पाच टक्क्यांचं असेल तर लिटरला एक ते दोन मिली, रात्रभर झाकून ठेवा, सकाळी थायोसल्फेट किंवा टाकीसाठीचं क्लोरीन काढणारं औषध घाला, हवा सोडा आणि क्लोरीन टेस्टने बघूनच पुढे जा. ब्लीचबरोबर दुसरं कुठलंही क्लीनर किंवा अ‍ॅसिड मिसळायचं नाही, हे सांगायची गरज नसावी तरी सांगते. उकळायचं असेल तर आधी नुसतं आरओ पाणी उकळून गार करा आणि मग मीठ घाला, खारं पाणी उकळलं की कॅल्शियमचा पांढरा साका खाली बसतो.

आता खत. फायटोसाठी जगभर जो नुसखा चालतो तो एफ बाय टू. रॉबर्ट गिलार्ड आणि जॉन रायथर यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या एफ माध्यमाची ही अर्धी ताकद, शिंपल्यांच्या पिल्लांना खायला घालण्यासाठी जी शैवालं वाढवतात तिथे हे रुळलं आणि तिथून आपल्याकडे, म्हणजे टाकीवाल्यांकडे आलं. यात नायट्रेट, फॉस्फेट, लोह आणि बाकीचे सूक्ष्म धातू, ते पाण्यात विरघळलेले राहावेत म्हणून ईडीटीए, आणि तीन व्हिटॅमिन असतात, बी१, बी१२ आणि बायोटिन. व्हिटॅमिन उष्णतेने खराब होतात म्हणून खत नेहमी गार पाण्यात घालायचं.

झाडांचं खत चालतं हे अर्धं खरं आहे. नॅनो त्यात वाढते, अगदी हिरवीगार वाढते. पण बऱ्याच खतांत नायट्रोजन युरिया किंवा अमोनियाच्या रूपात असतो, आणि जे काही पेशींनी खाल्लं नाही ते तुम्ही थेट माशांच्या पाण्यात ओतणार. काही खतांत तांबंही भरपूर असतं आणि तांबं म्हणजे पाठीचा कणा नसलेल्या जिवांचा काळ. कुंडीत घालायचं ते कुंडीतच घाला.

स्टार्टर आणि नवं पाणी यांचं प्रमाण साधारण एकास चार ठेवा, म्हणजे ४०० मिली स्टार्टरला १६०० मिली पाणी. पहिल्याच दिवशी बाटलीत हिरवी झाक दिसली पाहिजे. फार पातळ केलं तर एक तर पेशींना उजेड भाजतो, आणि दुसरं म्हणजे मोकळी जागा बघून बाकीचे जंतू आधी वाढतात. ट्यूब बाटलीपासून १०-१५ सेंटीमीटरवर, १६ तास चालू आणि ८ तास बंद. तापमान २० ते २५ अंशांत बसलं तर बरं. बाटली गळ्यापर्यंत भरायची नाही आणि तोंड घट्ट बंद करायचं नाही, नळी जाईल आणि हवा निघेल एवढी फट ठेवून वरून कापूस किंवा फिल्टर स्पंज.

सात ते दहा दिवसांत गडद हिरवं होतं. मागे बोट धरलं आणि दिसलं नाही की काढायला तयार. इथे लोभ नडतो, अजून गडद होऊ दे म्हणून लोक बाटली आठवडाभर तशीच ठेवतात आणि तेवढ्यात खत संपतं, सावली एकमेकांवर पडते, पेशी म्हाताऱ्या होतात आणि कोसळतात. वाढ जोरात असतानाच अर्धं काढा, तेवढंच नवं खतपाणी घाला. मुद्दल ठेवून व्याज खायचं. आणि दर तीन-चार फेऱ्यांनी बाटली बदला, जुनी ब्लीचने धुऊन वाळवून ठेवा, कारण काचेवर जो थर बसतो तो पुढच्या आजाराचं घर असतो.

प्रश्न : ताई माझं कल्चर पाच दिवस मस्त हिरवं होतं आणि मग एका रात्रीत पिवळट होऊन तळाला गाळ बसला, वास तर विचारूच नका. असं दोनदा झालं. काय करू?

वास आला म्हणजे ते गेलं. एक थेंबही टाकीत घालू नका, वाचवायचा प्रयत्नही करू नका, बाटलीत ब्लीच ओता आणि मग फेका.

पाच दिवस छान आणि सहाव्या दिवशी एकदम साफ, ही चाल बहुतेक वेळा भुकेची नसते, खाणाऱ्याची असते. भुकेलं कल्चर हळूहळू फिकं होतं, हिरव्याचं पिवळट व्हायला काही दिवस घेतं. रातोरात पाणी पारदर्शक झालं तर आत कोणीतरी जेवलंय. पुढच्या वेळी संशय आला की थोडं पाणी पांढऱ्या कपात घ्या किंवा काचेच्या ग्लासात घेऊन बाजूने टॉर्च मारा. पांढरे ठिपके धक्के देत फिरताना दिसले तर रोटिफर. सिलिएट नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत, त्यांना साधा शाळेचा मायक्रोस्कोप लागतो, शंभरपट मोठं दिसलं तरी पुरतं. फायटो नेमाने करणार असाल तर मायक्रोस्कोप घ्याच, माझ्या मते महागड्या लाइटपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

हे पाहुणे येतात कुठून? बहुतेक वेळा तुमच्याच हातातून. टाकीत हात घातला आणि तोच हात बाटलीला लावला. टाकीला वापरलेली पिचकारी स्टार्टर मोजायला घेतली. रोटिफरची बादली आणि फायटोची बाटली शेजारी ठेवली, दोन्हीत बुडबुडे फुटतात, फुटताना तुषार उडतात, आणि एक तुषार पुरे होतो. एकाच एअर पंपाच्या दोन फाट्यांवर दोघांना जोडलं तरी तेच, पंप बंद पडला की नळीतून पाणी मागे येतं. म्हणून फायटोचं सगळं सामान वेगळं, नाव घालून ठेवलेलं, आणि दिवसाच्या कामात फायटो पहिलं, मग रोटिफर-पॉड्स, मग टाकी. उलटं कधीच नाही.

कोणी खात नसेल आणि तरी कोसळत असेल तर गरमी तपासा. ट्यूबजवळची बाटली खोलीपेक्षा चांगलीच गरम असते, थर्मामीटर खोलीत नाही, बाटलीत बुडवून बघा. मग हवा, रात्रीत पंप बंद पडला होता का. मग ब्लीच पूर्ण गेलं होतं का, पण ब्लीच राहिलं असतं तर पहिल्याच दिवशी फिकं पडलं असतं, पाचव्या नाही.

आणि दोनदा झालं म्हणताय तर दोन्ही वेळा स्टार्टर एकाच बाटलीतून घेतलं होतं का? तसं असेल तर घाण तिथेच आहे, नवीन स्टार्टर आणा. ते आल्या आल्या थोडंसं वेगळ्या छोट्या बाटलीत काढून फ्रिजमध्ये ठेवायचं, त्याला हात लावायचा नाही, मोठी बाटली कोसळली की त्यातून उठता येतं. ज्यांचं कल्चर वर्षानुवर्षं चालतं त्यांचं काही कोसळत नाही असं नाही, त्यांच्याकडे मागे ठेवलेलं असतं.

प्रश्न : फायटो नायट्रेट आणि फॉस्फेट खाऊन टाकतं म्हणून मी सुरू केलं, तर उलट फॉस्फेट वाढलं. माझी टाकी २०० लिटरची, रोज १०० मिली घरचं कल्चर घालतो. असं कसं होतं?

तुमचं पत्र मला आवडलं कारण तुम्ही मोजलंत. बहुतेक लोक न मोजताच कमी झालं म्हणतात.

हिशोब करू. पूर्ण ताकदीच्या एफ बाय टू मध्ये लिटरला साधारण ५५ मिलिग्रॅम नायट्रेट आणि ३.४ मिलिग्रॅम फॉस्फेट असतं. तुमच्या १०० मिलीत म्हणजे ५.५ मिलिग्रॅम नायट्रेट आणि ०.३४ मिलिग्रॅम फॉस्फेट. २०० लिटरमध्ये पसरलं तर दिवसाला नायट्रेट ०.०२७ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) आणि फॉस्फेट ०.००१७ पीपीएम. हे काहीच नाही असं वाटतं, पण महिन्याने फॉस्फेट ०.०५ झालं, आणि रीफवाले ०.०३ आणि ०.०८ यातल्या फरकावरून रात्रभर जागतात. खत दुप्पट घालत असाल, घरी वाढवणारे बरेच घालतात, तर हाही आकडा दुप्पट.

आता तुम्ही म्हणाल की कल्चर पिकल्यावर खत तर पेशींनी खाल्लेलं असतं, पाण्यात उरतच नाही. बरोबर. पण ते गेलं कुठे? पेशींच्या पोटात. आणि पेशी गेल्या टाकीत. बाटलीत जेवढं फॉस्फेट घातलं तेवढं सगळं टाकीत आलं, मोकळं आलं किंवा पेशीत बांधून आलं एवढाच फरक. पेशी कोणी खाल्ली तर थोडं त्याच्या अंगाला लागतं आणि बाकीचं विष्ठेतून पाण्यात. कोणी खाल्ली नाही आणि कोपऱ्यात मेली तर सगळं पाण्यात.

मग फायटो फॉस्फेट कमी करतं हे साफ खोटं का? तेही नाही. जिवंत पेशी टाकीत आल्यावर उजेडात काही वेळ तग धरून पाण्यातलं अजून थोडं शोषतात, खास करून त्या जरा भुकेल्या असताना काढल्या असतील तर. नंतर त्याच पेशी स्किमरने बाहेर काढल्या तर तेवढं फॉस्फेट खरोखर टाकीबाहेर गेलं. शब्द धरून ठेवा, बाहेर गेलं. स्किमरचा कप, पाणी बदलणं, मोठं शैवाल म्हणजे मॅक्रोअ‍ॅल्गी कापून फेकणं, हेच बाहेरचे दरवाजे आहेत आणि फायटो हा त्यातला दरवाजा नाही, ते आत येणारं खाणं आहे. खाणं वाढवलं तर माशांचं खाणं तेवढं कमी करा किंवा बाहेर काढणं वाढवा.

तुमच्यासाठी दोन उपाय. कल्चर काढायच्या आधी त्यातला फॉस्फेट मोजा, पण हिरवं पाणी टेस्ट किटला फसवतं, म्हणून थोडं भांड्यात काढून फ्रिजमध्ये पेशी बसू द्या आणि वरचं निवळ पाणी तपासा. नॅनो लवकर बसत नाही, दोन-चार दिवस जातील. आकडा बराच दिसला तर खत जास्त होतंय किंवा तुम्ही लवकर काढताय. दुसरं, १०० मिलीवरून २० वर या आणि महिनाभर बघा.

अजून एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी. रोज १०० मिली खारं पाणी आत येतंय. टाकीला ऑटो टॉप-ऑफ (वाफ होऊन उडालेल्या पाण्याची आपोआप भर घालणारा पंप) असेल तर तो तेवढं गोडं पाणी कमी घालणार, म्हणजे मीठ हळूहळू चढणार, तुमच्या हिशोबाने दिवसाला पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. महिन्यातून दोनदा तरी रिफ्रॅक्टोमीटर (खारटपण मोजायचं उपकरण) लावा.

प्रश्न : डोस देताना स्किमर बंद करायचा का? यूव्ही आणि फिल्टर सॉकचं काय? दिवसा घालू की रात्री?

यूव्ही म्हणजे पाण्यातले बारीक जीव मारणारा दिवा, तो बंद, यावर वाद नाही, जिवंत म्हणून आणलेलं मारायला कशाला लावायचं. स्किमर दोन ते चार तास बंद, मग चालू, आणि तो परत चालू करायचं विसरू नका म्हणून टायमर लावा. सॉक (पाणी गाळायची पिशवी) काढायची गरज नाही, त्याची छिद्रं शंभर-दोनशे मायक्रॉनची आणि आपला फायटो दोन ते दहा मायक्रॉनचा, तो आरपार जातो.

मी संध्याकाळी दिवे मंद होताना घालायला सांगते, पॉड्स आणि पंखेवाले तेव्हा बाहेर येतात. पण रात्री सगळी टाकीच ऑक्सिजन वापरत असते आणि फायटोसुद्धा, त्यात स्किमर बंद, म्हणजे हवाही कमी, तेव्हा माशांची दाटी असेल तर दिवसा घाला किंवा डोस लहान ठेवा. शंभर लिटरला पाच ते दहा मिलीने सुरू करा, रोज थोडं थोडं, आठवड्याचं एकदम नको. तासाभरात पाणी निवळ झालं आणि आकडे स्थिर राहिले तर दर आठवड्याला थोडं वाढवा. दुसऱ्या दिवशीही पाणी हिरवट असेल तर जास्त झालं.

प्रश्न : माझा सन कोरल फायटो घालूनही उघडत नाही. तो तर उजेडावर जगत नाही ना, मग खाणार काय?

मांस. ट्युबॅस्ट्रियाच्या, म्हणजे सन कोरलच्या, अंगात झुझँथेली नसतात हे बरोबर, पण म्हणून तो हिरवं खातो असं नाही, त्याला मायसिस, आर्टेमिया असले झिंग्यासारखे बारीक जीव लागतात, तेही प्रत्येक पॉलिपला. आधी मायसिसचं पाणी सोडा, वासाने तोंडं उघडली की मग तुकडे द्या.

तुमचा गोंधळ होतो तो दुसऱ्या एका गटामुळे. डेंड्रोनेफ्थिया नावाचा रंगीत मऊ प्रवाळ आहे, त्याच्यातही झुझँथेली नाहीत, आणि तो मात्र खरोखर फायटो खातो, लाल समुद्रात कॅथरिना फॅब्रिशियस आणि सहकाऱ्यांनी हे तपासून १९९५ मध्ये सायन्स या नियतकालिकात छापलं. ते वाचून लोक डेंड्रोनेफ्थिया घरी आणतात आणि तो काही महिन्यांत विरघळतो. समुद्रात त्याच्यावरून चोवीस तास जेवण वाहत असतं, आपण दिवसातून एकदा चमचाभर देतो. आणू नका.

प्रश्न : काका म्हणू की ताई माहीत नाही, मी कॉलेजला आहे. मला मँडरिन मासा पाळायचाय. फायटो घातला की पॉड्स आपोआप होतील ना?

ताई म्हण. आपोआप काही होत नाही रे. मँडरिन दिवसभर टिपत फिरतो, तुझ्या छोट्या टाकीतले पॉड्स तो बघता बघता संपवेल आणि मग फायटो कितीही घाल, अंडी घालायला कोणी उरलेलंच नसेल. क्रम असा ठेव. आधी टिस्बे आणि टिग्रिओपस या दोन्ही जातींचे पॉड्स सोड. टिस्बे बारीक, खडकात-वाळूत राहतो आणि कुजकं-साठलेलंही खातो. टिग्रिओपस मोठा, लाल, उघड्यावर पोहतो म्हणून पटकन खाल्ला जातो, पण माशाला त्यातून भरपूर मिळतं. मग काही महिने मासा न आणता फायटो दे, नुसती नॅनो नको, टेट्रासेल्मिस किंवा आयसोक्रायसिस बरोबर पाहिजे. सम्पमध्ये, म्हणजे फिल्टरच्या वेगळ्या टाकीत, मॅक्रोअ‍ॅल्गीचा कोपरा कर, तिथे माशाचं तोंड पोचत नाही. आणि पॉड्सचं एक वेगळं भांडं बाहेर चालू ठेव, पातळ हिरवं पाणी, मंद हवा, पाणी निवळलं की परत फायटो. रात्री काचेवर दर तळहाताएवढ्या जागेत पळापळ दिसायला लागली की मग मँडरिनचा विचार कर, आणि दुकानात तो गोठवलेलं खातोय हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय उचलू नकोस.

प्रश्न : घरचे म्हणतात खाण्याच्या फ्रिजमध्ये ही हिरवी बाटली नको. बाहेर ठेवली तर चालेल? आणि फ्रिजमध्ये किती दिवस टिकते?

घरचे चुकत नाहीयेत. बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव आणि तारीख लिहा, बाहेरून दुसरा डबा घाला, दाराच्या कप्प्यात ठेवू नका, कारण तिथे तापमान खालीवर होतं आणि लहान मुलांचा हातही पोचतो. बाहेर ठेवायची तर उजेड आणि हवेसकट, म्हणजे ते कल्चरच झालं, साठवण नाही.

चार अंशांच्या आसपास नॅनो काही आठवडे आरामात टिकते, टेट्रासेल्मिस आणि आयसोक्रायसिस त्याहून कमी, आयसो तर जितकी ताजी तितकी बरी. रोज एकदा हलवा, जाता येता. घालायच्या आधी नाकाला लावा. ताज्या फायटोला समुद्राचा किंवा कापलेल्या गवतासारखा वास येतो, गटाराचा आला तर संपलं. तळाला बसलेलं हलवल्यावर एकसारखं मिसळलं तर चांगलं, चिंध्यांसारखे तुकडे फिरत राहिले तर नाही.

प्रश्न : फायटो म्हणजे शैवालच ना? मग टाकीत केसाळ शैवाल वाढणार नाही का?

फायटो स्वतः केसाळ शैवाल होत नाही, ती जातच वेगळी, खडकाला धरून वाढणारी. पण वर फॉस्फेटचा हिशोब दिलाय तो वाचा. खाणारे नसताना रोज ओतत राहिलात तर ते केसाळ शैवालाचं खत होतं, थेट नाही पण होतंच.